लाल पट्टी आणि जुनी गाडी

"दादा, एक जीटीआय बघितलीय. २०११ ची आहे, दोन हजार दोनशे दिनार सांगतोय. घेऊ का?"

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आमच्या मंडळातल्या एका तरुण मित्राने मला हा प्रश्न विचारला. मुलगा नागपूरचा, इकडे येऊन दोन वर्षं झालेली, लग्न ठरलेलं. डोळ्यांत ती चमक, जी गाडीच्या वेडाने पछाडलेल्या माणसाच्या डोळ्यांतच दिसते. मी ती ओळखतो, कारण ती मला महागात पडलेली आहे. ती कहाणी पुढे येईलच. त्याला म्हटलं, "येतो तुझ्याबरोबर बघायला. पण आधी तासभर बस माझ्याकडे. ही गाडी कुठून आली ते ऐक, म्हणजे काय बघायचं ते आपोआप कळेल."

तो तास दोन तासांचा झाला आणि चहा तीनदा झाला. बायको म्हणाली, हेच सगळं अंकासाठी लिहून दे की, निदान आमचे कान तरी सुटतील. म्हणून हा लेख.

मंडळी, ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हॅचबॅक म्हणजे मागे वेगळी डिकी नसलेली, मागचं दार काचेसकट वर उघडणारी छोटी गाडी. हॉट हॅच म्हणजे तीच गाडी, पण तिच्यात ताकदवान इंजिन बसवलेली. बाहेरून पाहिलं तर भाजी आणायची गाडी, आणि पाय दाबला की शेजारच्या स्पोर्ट्स कारवाल्याची झोप उडवणारी. मध्यमवर्गीय माणसाची चैन म्हणा ना. एकाच गाडीत मुलांना शाळेत सोडता येतं आणि रविवारी (इकडे शुक्रवारी) हौसही भागते.

जुनी गाडी कशी बघायची ते मी पहिल्यांदा बाबांकडून शिकलो. १९९४ साली साताऱ्यात बाबांनी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली, बत्तीस हजारांना. बाबा शाळामास्तर, त्यामुळे बत्तीस हजार म्हणजे विचार करा. गाडी बघायला ते भल्या पहाटे गेले. सोबत एक मिस्त्री आणि खिशात लोहचुंबक. मी सहा-सात वर्षांचा असेन. चुंबक रुमालात गुंडाळून बाबा दारांवरून, मडगार्डवरून फिरवत होते. जिथे चिकटेना तिथे पत्र्याखाली लांबी भरलेली. मग मिस्त्रीने गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि तिथून धूर येतोय का ते बघितलं. "पिस्टन रिंगा बऱ्या आहेत मास्तर," एवढंच बोलला. व्यवहार झाला. त्या गाडीने आम्हाला नऊ वर्षं काढून दिली.

पद्मिनी म्हणजे आपली घरचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही भारतात बनवायची या माणसाची जिद्द होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून इटलीच्या फियाटची ११०० बाहेर पडू लागली आणि तिचीच पुढची आवृत्ती १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेली. हजार-अकराशे सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास घोडे आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. तिला कोणी हॉट म्हणणार नाही, पण आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने गाडीची पारख तिच्यावरच शिकून घेतली.

आता गोष्ट युरोपात नेऊ या, पण गंमत म्हणजे तीही आपल्या या आखाताच्या दारातूनच जाते.

१९५६ साली इजिप्तच्या नासरनी सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि लढाई झाली. कालवा बंद, इंग्लंडला तेल पोचेना, पेट्रोलचं रेशनिंग सुरू. कमी पेट्रोल पिणाऱ्या पिटुकल्या गाड्यांचा भाव वधारला. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने अलेक इसिगोनिस या इंजिनीयरला सांगितलं, खरीखुरी छोटी गाडी काढ. त्यातून १९५९ ची मिनी आली. इंजिन आडवं बसवलेलं, पुढची चाकं ओढणारी, लांबी जेमतेम दहा फूट. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांचा आराखडा हाच आहे. मग जॉन कूपर या रेसिंगवाल्याने म्हटलं, हिला जरा ताकद देऊ. १९६१ मध्ये मिनी कूपर आली आणि तिने १९६४, ६५ आणि ६७ अशी तीन वर्षं माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्येही पहिलीच आली होती, पण हेडलाइटच्या कारणावरून तिला बाद केलं. मिनीला मागे वर उघडणारं दार नव्हतं, त्यामुळे ती हॅचबॅक नाही. पण हॉट हॅचची आजी तीच.

दुसरं संकट १९७३ चं. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, आणि आखातातल्या देशांनी तेलाची तोटी आवळली. तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. जिथे आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं तेल १९३२ साली लागलं, त्या जबल दुखानच्या पायथ्याशी आपण शुक्रवारी सहलीला जातो. युरोपातल्या लोकांना छोट्या गाड्यांत बसवण्यात या भागाच्या तेलाचा वाटा केवढा, हे त्या विहिरीच्या संग्रहालयात उभं राहिलं की मला दर वेळी आठवतं.

फोक्सवॅगनची बीटल तेव्हा म्हातारी झाली होती. १९७४ मध्ये जुजारो या इटालियन डिझायनरने आखलेली गोल्फ तिच्या जागी आली. पण त्याआधीच, १९७३ च्या मार्चमध्ये, आल्फोन्स लोवेनबर्ग नावाच्या इंजिनीयरने काही सहकाऱ्यांना एक टिपण पाठवलं होतं, की आपण एक खेळकर गाडी करू या. वरिष्ठांना त्यात रस नव्हता. मग या लोकांनी अधिकृत मंजुरीशिवाय, फावल्या वेळात काम चालू केलं. (आयटीतल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. उत्तम सॉफ्टवेअर बहुतेक वेळा असंच जन्माला येतं, आणि मग मॅनेजर प्रेझेंटेशन देतो.) सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय मांडली गेली. १६०० सीसी, पेट्रोल इंजेक्शन, ११० घोडे, आणि वजन फक्त ८१० किलोच्या आसपास. वेग ताशी १८२ किलोमीटर. ५००० गाड्या खपल्या तरी पुरे असा कंपनीचा हिशोब. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या.

पुढच्या जाळीभोवतीची लाल पट्टी, सीटचं चौकडीचं कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फचा चेंडू, या तिन्ही खुणा तेव्हाच्या, आणि पट्टी आणि चौकडी आजही चालू आहेत. चेंडू आणि चौकडी गुनहिल्ड लिलयेक्विस्ट या डिझायनर बाईंच्या डोक्यातून निघाली. तरुण मित्राला मी इथे थांबवलं आणि पहिली सूचना दिली. लाल पट्टी आणि जीटीआयचा बिल्ला बाजारात सुटा मिळतो. साध्या गोल्फला तो लावून विकणारेही आहेत. बिल्ला बघू नकोस, चॅसी नंबर बघ.

याआधी कोणी असं केलंच नव्हतं असं नाही. इटलीची ऑटोबियांची ए-११२ अबार्थ आणि फ्रान्सची सिम्का ११०० टीआय या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या गाड्या होत्याच. पण नाव झालं जीटीआयचं. आणि मग ऐंशीच्या दशकात सगळेच या शर्यतीत उतरले. १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआय अजूनही जाणकार डोक्यावर घेतात. हलकी, चपळ, पण वळणावर घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू पुढे यायची. त्यामुळे त्या काळच्या अनेक २०५ झाडांना किंवा कठड्यांना भेटून आलेल्या आहेत. १९८५ ची रेनॉ ५ जीटी टर्बो आणखी मजेशीर. कार्ब्युरेटर आणि टर्बो एकत्र. बॉनेटखाली एवढी उष्णता कोंडायची की गरम गाडी बंद केली तर पुन्हा चालूच व्हायची नाही. युरोपच्या थंडीत ही तऱ्हा! आखातात कोणी ती आणली असेल तर त्याला माझा नमस्कार.

लान्चिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं रॅलीचं जागतिक विजेतेपद पटकावलं. म्हणजे वैभवाचा काळ. आणि तेव्हाच इंग्लंडमध्ये चोरांनी या गाड्यांवर ताव मारायला सुरुवात केली. उडाणटप्पू पोरं रात्री गाडी पळवायची, उडवायची, ठोकून सोडून द्यायची. विम्याचे हप्ते एवढे वाढले की तरुणांना गाडी परवडे, विमा परवडेना. नव्वदीच्या सुरुवातीला बाजार झोपला. कंपन्यांनीही गाड्या जड आणि सुस्त केल्या. तिसऱ्या पिढीची गोल्फ जीटीआय ११५ घोड्यांची होती, म्हणजे पहिलीपेक्षा फक्त पाच जास्त, आणि वजन कितीतरी वाढलेलं. याला प्रगती म्हणायचं की सरकारी बढती, तुम्हीच ठरवा. त्या चोऱ्यांमुळेच किल्लीत चिप असलेले इमोबिलायझर सर्वत्र आले. म्हणून आज गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागायच्या. दुसरी किल्ली हरवली म्हणणारा विक्रेता दिसला की नव्या किल्लीचा खर्च किमतीतून वजा करा, आणि ती हरवली कशी तेही विचारा.

होंडाचं मात्र कौतुक केलं पाहिजे. १९९७ च्या सिव्हिक टाइप आर मध्ये टर्बो न लावता १६०० सीसीतून १८५ घोडे काढले.

आता खरा मुद्दा, कारण बहरीनच्या बाजारात आपल्याला परवडणाऱ्या बहुतेक गाड्या यानंतरच्या आहेत. २००३ मध्ये गोल्फ आर-३२ मध्ये डीएसजी हा दोन क्लचचा गिअरबॉक्स प्रथम आला. २००४ मध्ये पाचव्या पिढीची जीटीआय आली. दोन लिटर, टर्बो, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन, २०० घोडे. गेलेली इभ्रत परत मिळाली. पण प्रत्येक नव्या युक्तीबरोबर नवं दुखणंही आलं, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने ते कोणतं हे वर्षावरून ओळखायचं असतं.

पाचव्या पिढीत पेट्रोलचा उच्च दाबाचा पंप कॅमशाफ्टवरून फिरतो. दोघांच्या मध्ये एक छोटी टोपी असते, कॅम फॉलोअर. ती झिजून भोक पडलं की कॅमशाफ्टच खराब होतो. टोपी स्वस्त, कॅमशाफ्ट महाग. पंप काढून ती बघायला चांगल्या मेकॅनिकला फार वेळ लागत नाही. तसंच पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साठते. थंड गाडी चालू करताना थरथरत असेल तर हे एक कारण असू शकतं.

मित्राने बघितलेली २०११ ची, म्हणजे सहाव्या पिढीची. हिचं इंजिन वेगळं. टायमिंग बेल्ट जाऊन चेन आली. चेन म्हणजे आयुष्यभराची, असं सगळ्यांनी धरलं. पण साधारण २००८ ते २०१२ च्या या इंजिनांत चेनचा ताण राखणारा टेन्शनर कच्चा निघाला. तो सुटला की चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपलं. लक्षण काय, तर रात्रभर उभी असलेली गाडी चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड आवाज. म्हणून गाडी थंड असतानाच बघायची. विक्रेता "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली" म्हणाला तर त्याच्या आदरातिथ्याने भारावून जाऊ नका. बॉनेटवर हात ठेवून बघा असं पुस्तकात लिहितात, पण जुलैत बहरीनमध्ये दुपारी बॉनेटवर हात ठेवला तर पोळी भाजल्यासारखा चटका बसतो, गाडी चालू असो वा नसो. बाबांसारखं पहाटे जायचं. टायमिंग कव्हरवरचं छोटं रबरी बूच काढून टॉर्चने बघितलं तर टेन्शनर जुना की सुधारित तेही मेकॅनिकला कळतं.

सातवी पिढी २०१२ च्या अखेरीस आली. तिचं इंजिन एकूण बरं, पण पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट यांचं प्लॅस्टिकचं घर गळतं. इथल्या उन्हाळ्यात हे दुखणं अंगावर काढता येत नाही. कूलंटची पातळी बघा, रंग बघा. गुलाबीसर असायला हवं ते पाण्यासारखं फिकट असेल तर कोणीतरी महिनोन्महिने नळाचं पाणी घालतंय. मिनी कूपर एसवर ज्यांचं मन आहे त्यांनी २००७ नंतरच्या टर्बो मिनीत हाच चेनचा खडखडाट ऐकावा, त्याला इंग्रजीत मृत्यूची घरघर अशाच अर्थाचं नाव पडलेलं आहे. आणि फोर्ड फोकस आरएसच्या २०१६-१७ च्या काही गाड्यांत चुकीचं हेड गॅस्केट बसवलं गेलं होतं, त्याचं काम झाल्याचा कागद मागावा.

डीएसजीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यात आपल्या हवेचा संबंध आहे. जीटीआयचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा. त्याचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावंच लागतं, आणि हे बिल नसेल तर भाव पाडायचा. छोट्या इंजिनांना मात्र सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी लावला गेला. उष्ण आणि दमट हवेत, रांगत चालणाऱ्या वाहतुकीत त्याच्या विजेच्या भागात बिघाड होऊ लागले. २०१३ मध्ये चीनमध्ये मोठा रिकॉल झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने जगभरातल्या सोळा लाखांच्या आसपास गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल बदलून द्यायचं जाहीर केलं. उष्ण, दमट, रांगणारी वाहतूक! म्हणजे गुरुवारी संध्याकाळचा सौदी कॉजवे, किंवा हिंजवडी. अशी गाडी बघताना मोकळ्या रस्त्यावर पळवून काही कळत नाही. गर्दीत नेऊन ब्रेक हळूहळू सोडा, रांगू द्या, पुढे-मागे दोन-चारदा घ्या. हिसके बसले की समजा.

हिंजवडीचं नाव निघालं तर आपल्याकडच्या हॉट हॅचचंही सांगतो. सप्टेंबर २००१ मध्ये फियाटने पालिओ आणली, कुर्ल्याच्याच कारखान्यातून. तिची १६०० सीसी जीटीएक्स म्हणजे शंभर घोडे. तेव्हा भारतात या किमतीला असं काही मिळत नव्हतं. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा, आणि २००२ मध्ये फियाटतर्फे त्याला फेरारी मिळाली ती मायकल शूमाकरच्या हातून. हाच शूमाकर ४ एप्रिल २००४ ला आपल्या साखीरच्या सर्किटवरची पहिली शर्यत जिंकला. पण पालिओ पेट्रोल ढोसायची आणि आपला माणूस "कितना देती है" विचारणारा. जीटीएक्स फार टिकली नाही.

मग २००६ च्या अर्थसंकल्पाने छोट्या गाडीची व्याख्या केली. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर अबकारी कर कमी. एका ओळीच्या नियमाने भारतातल्या हॅचबॅकचं भवितव्य ठरवलं. त्यानंतर ताकद हवी असेल तर १२०० सीसीतच टर्बो लावून काढायची. चाकणच्या कारखान्यातली पोलो जीटी टीएसआय, २०१३ ची, अशीच. १.२ लिटर, १०५ घोडे आणि तोच कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी. पुण्यात असताना माझ्या रूममेटकडे ती होती. २०१५ च्या ऑक्टोबरात फियाटने रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो दहा लाखांच्या जरा आत आणली, १४५ घोडे, चारही चाकांना डिस्क ब्रेक. एवढ्या पैशांत एवढी ताकद देणारी दुसरी गाडी नव्हती, आणि तरी खपली नाही. आज ती सेकंडहँड बाजारात शोधणारे आहेत, पण फियाटने भारतात गाड्या विकणं बंद केल्यामुळे सुटे भाग मिळवताना घाम निघतो. २०१६ ची तीन दारांची पोलो जीटीआय जवळपास २६ लाखांना आली, कोणी फारशी घेतली नाही. आणि मे २०२५ मध्ये खुद्द गोल्फ जीटीआय भारतात आली, ५३ लाखांना, तर पहिल्या दीडशे गाड्या आधीच विकल्या गेलेल्या. पन्नास वर्षं लागली तिला भारतात पोचायला.

आता बहरीन, आणि माझी फजिती.

नोव्हेंबर १९६७ पर्यंत बहरीनमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालत. मग एका दिवसात देश उजवीकडे गेला. त्याआधी दोनच वर्षं, म्हणजे १९६५ पर्यंत, इथे चलन रुपयाचं होतं, तेव्हा दिनार आला. मला वाटतं, हिंदुस्थानकडे असलेलं तोंड दुसरीकडे वळल्याच्या या दोन खुणा. गाड्यांच्या बाबतीत ते तोंड जसं युरोप-जपानकडे वळलं, तसं अमेरिकेकडेही. जुन्या बाजारात दोन जाती मिळतात. एक आखाती बनावटीची, म्हणजे इथल्या उष्णतेचा विचार करून एसी आणि कूलिंग दिलेली, इथल्याच डीलरने विकलेली. दुसरी अमेरिकेहून जुनी म्हणून आणलेली. दुसरी स्वस्त असते. का स्वस्त असते, हे मला २०१८ साली कळलं.

२०१५ ची जीटीआय, कमी किलोमीटर, आतून नव्यासारखी चकचकीत. बायकोने चार वर्षं शाळेत शिकवून साठवलेल्या पैशांतून मोठा हिस्सा घातला आणि मी ती घेतली. पहिला उन्हाळा दमट झाला तसे काचा आपोआप खाली यायला लागल्या. मग सेंट्रल लॉक. सलमाबादच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिकने सीट काढून गालिचा उचलला, तर खाली वाळलेला चिखल. वायरींचे जोड हिरवे पडलेले. तेव्हा मी चॅसी नंबर इंटरनेटवर टाकून तिचे अमेरिकेतले कागद काढले. हे आधी करायला हवं होतं आणि त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. टेक्सास, सप्टेंबर २०१७. हार्वी चक्रीवादळात ह्यूस्टनच्या परिसरात लाखो गाड्या पाण्यात गेल्या होत्या, त्यांतलीच ही एक. विम्याने निकालात काढलेली. पैशांचं दुःख आहेच. पण खरं सांगायचं तर झोप उडाली ती दुसऱ्या गोष्टीने. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कधी लागतच नव्हता, आणि मी तो चांगला शकुन समजत होतो. मेकॅनिकने दाखवलं, दिवाच काढून टाकलेला होता. एअरबॅगा मेलेल्या. सात महिने मी माझ्या मुलीला त्या गाडीतून शाळेत सोडत होतो. म्हणून सांगतो, किल्ली फिरवली की तो दिवा पेटलाच पाहिजे, आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तिथूनच परत या.

अमेरिकन गाडी ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. पुढच्या कोपऱ्यांत बाजूला नारिंगी आणि मागे लाल परावर्तक. १९८१ पासून चॅसी नंबर सतरा आकडी-अक्षरी असतो. जर्मनीत बनलेल्या गोल्फचा डब्ल्यूव्हीडब्ल्यूने सुरू होतो, अमेरिकेसाठी मेक्सिकोत बनलेल्या सातव्या पिढीच्या गोल्फचा तीनच्या आकड्याने. एप्रिल २०२४ च्या पावसात दुबईतही कितीतरी गाड्या बुडाल्या, तेव्हा पाण्याची शंका आता फक्त अमेरिकन गाडीपुरती राहिलेली नाही. गालिचाचा कोपरा उचला, सीटच्या खालच्या रुळांवर गंज बघा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकावर डाग आहेत का बघा. पट्टा धुवायचं सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर इथे फार जाऊ नये. बेट छोटं, पण इंजिन चालू ठेवून एसीत बसायची सवय मोठी. कोल्ड स्टोअरसमोर हॉर्न वाजवून चहा मागवायचा आणि वीस मिनिटं गाडी गुरगुरत ठेवायची. किलोमीटर वाढत नाही, इंजिन झिजतंच. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. नक्षी नवी दिसली तरी पाच वर्षांपुढचं टायर या उन्हात भरवशाचं नाही. आणि साखीरच्या सर्किटवर आपली गाडी घेऊन पळवायची सोय असल्यामुळे इथली हॉट हॅच ट्रॅकवर जाऊन आलेली असण्याची शक्यता आपल्याकडच्यापेक्षा जास्त. ब्रेकच्या तबकड्यांवर निळसर डाग, टायरच्या कडा झिजलेल्या, अशा खुणा बघाव्यात.

शेवटचं माझ्या धंद्यातलं. या गाड्यांत आजकाल सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवतात. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, आणि चुकांचे कोड पुसून चेक इंजिनचा दिवा घालवतात. पण संगणक पूर्ण विसरत नाही. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण असं दाखवतात, आणि त्या पूर्ण व्हायला बऱ्यापैकी चालवावी लागते. दहा-पंधरा दिनारचं स्कॅनर लावून, दिवा बंद असला तरी, या तपासण्या पूर्ण आहेत का एवढं बघायचं. अपूर्ण असतील तर काल-परवाच कोणीतरी काहीतरी पुसलंय. आमच्याकडे प्रॉडक्शन सर्व्हरचे लॉग ऑडिटच्या आदल्या दिवशी गायब झाले तर जो अर्थ निघतो, तोच.

तर त्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला आम्ही २०११ ची बघायला गेलो. विक्रेता भला माणूस, डोळे चोळत आला. गाडी चालू केली आणि तीन सेकंद डबा हलवल्यासारखा आवाज. मित्राने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, त्याला बोलायची गरजही उरली नव्हती. स्कॅनर लावला तर चार तपासण्या अपूर्ण. आम्ही आभार मानून निघालो. तो तसा खट्टू झाला, दोन दिवस फोन उचलेना.

तीन आठवड्यांनी दुसरी मिळाली. २०१५ ची, आखाती, एकाच मालकाची, बिलांची फाइल असलेली. डीएसजीचं तेल दोनदा बदललेलं, दोन्ही किल्ल्या, पट्टे स्वच्छ. पाण्याच्या पंपापाशी मात्र गुलाबी पांढुरके डाग होते, म्हणजे गळती सुरू झालेली. ते दाखवून एकशे ऐंशी दिनार कमी करून घेतले आणि तीन हजार दोनशे वीसला सौदा झाला.

मी तिथूनच साताऱ्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावून गाडी दाखवली. लाल पट्टी दाखवली, चौकडीच्या सीट दाखवल्या, दोनशेच्या वर घोडे आहेत म्हणून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलंत का?"

उघडलं नव्हतं. मित्र गेला आणि बॉनेट उघडायला लागला.